सेहेचाळिसाव्या प्लॉटचं पाणी

१० मार्च, रविवार

सकाळी सातला एकनाथमामांचा फोन. "मीनू, तिन्ही लाइनी एक करायच्या हायेत. आखाजीच्या आत. तू हाये ना?" हा प्रश्न नव्हता. मामा प्रश्नाच्या सुरात हुकूम सोडतात. हो म्हटलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, दहा मे. दोन महिने आहेत.

दुपारी बहादरपूरच्या पुढे, नदीवर जाऊन आले. तापी आत्ताच खडकांवर आलीये. जुन्या लाइनचा पंप डोहात आहे, त्याला मरण नाही. मधल्या लाइनचा गुडघाभर पाण्यात, आणि नाल्यापलीकडच्या लाइनचा मे लागेस्तोवर वाळूत बसणार. मग सगळ्यांना डोहातल्या एकाच पंपावर घ्यावं लागेल. सेहेचाळीस प्लॉट, एक पंप. उपसा सिंचन मंडळीचे सचिव मामा, वीस वर्षं तेच. प्रोग्राम माझा, दोन वर्षांपूर्वी सुट्टीत बसून लिहिलेला. जुन्या लाइनचे चौदा प्लॉट, चौदा व्हॉल्व्ह, मोबाइलवरून उघडायचे आणि बंद करायचे. तो फक्त वाढवायचा. महिनाभराचं काम.

"महिनाभराचं काम" हे मुद्दाम लिहून ठेवतेय. नंतर हसायला.

१४ मार्च, गुरुवार

जुना प्रोग्राम उघडला. आठशे ओळी, एकच फाइल. प्लॉटचा क्लास, म्हणजे साचा, केलाय, पण नावापुरता. आतलं सगळं पब्लिक. व्हॉल्व्ह उघडा की बंद, किती मिनिटं, बारी, म्हणजे पाण्याची पाळी, झाली की नाही... कुठूनही या, काहीही बदला. कॉलेजात बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला अकरा वर्षं फळ्यावर लिहून देतेय: प्रत्येक वस्तूची माहिती तिच्या आत, बाहेरच्यानं दारातून मागायची, आत हात घालायचा नाही. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

तेव्हा तसं का केलं, तेही आठवलं. पंपघराच्या भिंतीवर काळी पाटी आहे. प्लॉटचा नंबर, त्यापुढे खडूची फुली. फुली म्हणजे बारी झाली, पाणी मिळालं. पण आपली फुली मारायला कोणी दोन शेतं तुडवत पंपघरापर्यंत येत नाही. जो जातो तो चार जणांच्या मारून येतो. "तुझं पाणी चालू दिसलं, मारून टाकली." हा इथला शेजारधर्म. मी ती पाटीच उचलून फोनात ठेवली, म्हणून तर लोकांना प्रोग्राम आवडला.

बदलावं का आता? वेळ नाही. आधी लाइनी जोडू, मग बघू.

१९ मार्च, मंगळवार

व्हॉल्व्हच्या पेट्या चेतन बनवतो. बुरहानपुरात मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करायचं दुकान आहे त्याचं, हात सोन्याचे आणि जीभ सतत चालू. "मॅडम, बत्तीस डब्बे अजून. पंधरा दिन में होऊन जाईल, टेन्शन नका घेऊ." तो टेन्शन नका घेऊ म्हणाला की मला यायला लागतं.

उतरंड काढली. वर पंप, त्याखाली तीन लाइनी, लाइनीखाली प्लॉट. प्लॉटांचे पुन्हा प्रकार: शेत, त्याखाली केळी, केळीखाली घडाची बाग आणि नवी लागवड, नव्या लागवडीखाली टिश्यू कल्चरची रोपं. पाच मजले. फार छान दिसतंय कागदावर. दीपक चहा घेऊन आला, म्हणाला, "ही कोणाची वंशावळ?" नवरा इतिहास शिकवतो, त्याला सगळीकडे घराणी दिसतात.

२५ मार्च, धुळवड

नाल्यापलीकडे सुमनवहिनीकडे. मामांच्या पुतण्याची बायको. पुतण्या ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. शेत वहिनीच बघते. प्लॉट सेहेचाळीस, लाइनच्या अगदी टोकाला.

फेब्रुवारीत टिश्यूची अठराशे रोपं लावलीत. वीतभर, हिरवीगार, प्रत्येकाच्या दक्षिणेला तागाची सावली. जमीन रेताड, पाणी धरत नाही. घडाच्या बागांना दिवसाआड तीन तास पाणी लागतं. हिच्या रोपांना रोज सकाळी वीस मिनिटं, दुपारी वीस मिनिटं. जास्त झालं तर मुळं कुजतात, चुकलं तर उन्हात जातात. वहिनी मातीत बोट घालून वाफसा बघते आणि सांगते. मशीन नाही, काही नाही.

पण हिच्या शेताच्या एका कोपऱ्यात घडाची बागही आहे, अर्धा एकर. मग हा प्लॉट माझ्या कोणत्या मजल्यावर राहणार? "नवी लागवड"मध्ये कोंबला. कागदावर बसला.

"ताई, फोनवर दिसेल ना मले? पाणी झालं का नाई ते?"

दिसेल म्हटलं. ठासून म्हटलं.

३ एप्रिल, बुधवार

जोडलं! तिन्ही लाइनी एकमेकींना, नदीत पाणी आहे तोवर तिन्ही पंप मिळून, सेहेचाळीस पेट्या बोलतायत. मामा पंपघराबाहेर खुर्ची टाकून बसले आणि अंगठ्यानं एकेक व्हॉल्व्ह उघडत गेले. "पाह्य मीनू, बसल्या जागी सारं गाव पाणी पिऊन राहिलं." मामांचा चेहरा लहान मुलासारखा. वीस वर्षं या माणसानं बांधाबांधांवरून चालत पाणी वाटलंय, भांडणं सोडवलीत, स्वतःची बारी सोडून दुसऱ्याला दिलीये. मला फार बरं वाटलं.

९ एप्रिल, पाडवा

४२ अंश. गुढी, श्रीखंड, झोप. मामांचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक.

१२ एप्रिल, शुक्रवार

सुमनवहिनीचा फोन. एवढंच म्हणाली, "ताई, येऊन पाह्य."

गेले. रोपं माना टाकून. काही नुसती मलूल, काही करपलेली. साडेतीनशे तरी गेली. ठिबकच्या नळ्या कोरड्या, हाताला गरम लागत होत्या. माझ्या फोनवर प्लॉट ४६ हिरवागार: बारी झाली, बारी झाली, बारी झाली, बारी झाली.

१३ एप्रिल, शनिवार

काय झालं ते नीट लिहून काढते. पळवाट नको.

वहिनी बुधवारी सकाळचं पाणी देऊन धूलकोटला नणंदेच्या घरच्या लग्नाला गेली, शुक्रवारी आली. तिथे रोज फोन बघत होती. झालं दिसत होतं म्हणून निर्धास्त होती.

बुधवारी ऊन वाढलं तसं मधल्या लाइनच्या लोकांनी मामांना गळ घातली. मामांनी सहा प्लॉटांचे व्हॉल्व्ह थेट उघडले, बारी नसताना. कोणत्याच लाइनला त्याचा पत्ता नाही, कारण मामा लाइनला विचारत नाहीत, तिला ओलांडून सरळ प्लॉटमध्ये उतरतात. उतरू शकतात, कारण दार मीच ठेवलं नाही. सहा व्हॉल्व्ह जास्तीचे उघडे राहिले तीन दिवस. टोकापर्यंत दाब पोचलाच नाही.

आणि फुल्या? बुधवारी दुपारची शेजाऱ्यानं मारली. पेटीवरचा दिवा हिरवा दिसला म्हणून. गुरुवारच्या दोन्ही मामांनी. त्यांना बारी बाकी दिसली, त्यांना वाटलं पेटीला नेटवर्क नसेल, सून लग्नाला गेलीये, तिला काळजी नको. शुक्रवारी सकाळची चेतननं, पेटी तपासताना. चार बाऱ्या, चार फुल्या, थेंब नाही. चौघांनी, म्हणजे तिघांनी, चांगल्या मनानं केलं. आणि फुली दिसली की प्रोग्राम तो विषय बंद करतो, पुन्हा बघत नाही. तोही माझाच हात.

सुमनवहिनी ओरडली नाही. म्हणाली, "माझं पाणी झालं का नाई ते गावातल्या सगळ्यांनी सांगितलं. माझ्या रोपांले सोडून." मग व्हॉल्व्हच्या पेटीची वायर ओढून काढली आणि पेटी माझ्या हातात दिली. "मी हातानं फिरवीन."

घरी आले आणि रडले. मग राग आला. स्वतःचा, खणखणीत.

१४ एप्रिल, रविवार

मामा: "बाईमाणसाचा राग, दोन दिवसात उतरीन. तू असं कर, मले सगळ्यांच्या वरचं एक बटन दे. कोणी काही करो, मी पाहून घेईन."

मामा, तुम्ही पाहूनच घेतलं होतं ना.

हे तोंडावर म्हणाले नाही. म्हणायला हवं होतं.

चेतननं सांगितलं ते जास्त गंभीर. मे महिन्यात पंप एक, दाब मोजका. टोकाचा व्हॉल्व्ह हातानं कधीही उघडला-मिटला तर प्रोग्रामला कळणार नाही, आणि बाकीच्या पंचेचाळिसांचं वेळापत्रक कोसळेल. "एक डब्बा बाहर, मतलब सारी लाइन आंधळी, मॅडम." आणि वहिनी एकटी हातानं लढली तर मे महिन्यात तिच्या वाट्याला दाब येणार नाही, उरलेली साडेचौदाशेही जातील. म्हणजे ती आत आलीच पाहिजे. आणि ती माझ्या शब्दावर येणार नाही. शब्द देऊन झाला एकदा.

१५ एप्रिल, सोमवार

कॉलेजातून रजा. आखाजीला पंचवीस दिवस. ठरलं: ठिगळ लावायचं नाही. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं.

(१) फुली बंद. कोणीच कोणाची मारायची नाही, स्वतःचीसुद्धा नाही. प्रत्येक व्हॉल्व्हपुढे पाण्याचा मीटर. पाणी मिळालं की नाही, हे फक्त प्लॉट सांगेल. ती माहिती त्याच्या आत, प्रायव्हेट. वाचा हवी तर, लिहू शकत नाही.

(२) वरून हुकूम नाही, विचारणा. मामा पंपाला सांगतील, पंप लाइनला, लाइन प्लॉटला विचारेल: घेतोस? उडी मारून मधलं कोणी ओलांडायचं नाही.

(३) किती हवं, कधी हवं, हे ज्याचं शेत तो आपल्या प्लॉटला सांगेल.

तीन मुद्दे. अकरा वर्षं परीक्षेत दहा मार्कांना विचारतेय मी हे.

१८ एप्रिल, गुरुवार

पाच मजली वंशावळ पाडली. सुमनवहिनीचा प्लॉट तिच्यात बसत नव्हता, तेव्हाच कळायला हवं होतं. प्लॉट "नवी लागवड" नसतो. प्लॉटकडे एक गरज असते, किंवा दोन. आज रोपांची आणि घडाची, पुढच्या वर्षी आणखी कसली. गरज बदलली तर गरज बदलायची, प्लॉटचा जन्म कशाला बदलायचा? आता शेत एकच प्रकारचं, आणि त्याच्या आत गरजा. आठशे ओळींच्या जागी तीनशे दहा. हात दुखतोय पण डोकं स्वच्छ आहे.

दीपक म्हणाला, घराणं बुडालं वाटतं. म्हटलं, हो, आणि प्रजा सुखी आहे.

२१ एप्रिल, रविवार

मामांना दाखवलं. व्हायचं तेच झालं.

"म्हणजे मी वीस वर्षं पाणी वाटलं, अन् आता प्लॉटले विचारू? घेतोस का रे बाबा?"

"हो, मामा."

"अन् नको म्हणाला तर?"

"तर नको."

फोन उलटसुलट केला. मग म्हणाले, इंदूरची एक पार्टी येऊन गेलीये. त्यांच्याकडे तयार सिस्टिम आहे, सगळं एका स्क्रीनवर, सचिवाच्या हातात. रविवारी मीटिंग, तिथे ठरवू.

माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. चिडले नाहीत, "बाई" म्हणाले. "बरं, बाई." मामा मला आयुष्यात कधी बाई म्हणालेले नाहीत.

२३ एप्रिल, मंगळवार

नाल्याकडच्या लाइनवर मीटर बसवले. तासाभरात तीन मीटर शून्य दाखवायला लागले, आणि नळ्यांतून तर पाणी वाहतंय! तापीचा गाळ. चाकच फिरेना. म्हणजे प्लॉटला खरं सांगायची मुभा दिली आणि तो खोटं बोलायला लागला. व्हॉल्व्ह उघडा आणि मीटर शून्य, की "मिळालं नाही, मिळालं नाही" करत पाणी मागतच राहायचा. रोपं बुडवली असती यानं.

बांधावर बसून हसले. चेतनला वाटलं ऊन लागलं. "मॅडम, पाणी प्या पहिले."

मग सापडलं. प्लॉटला दोनच उत्तरं शिकवली होती, मिळालं आणि नाही मिळालं. तिसरं राहिलं होतं: मला माहीत नाही. माहीत नाही म्हणाला की व्हॉल्व्ह बंद, आणि ज्याचं शेत त्याला फोन. जा, बोट घालून बघ. मीटरच्या आधी जाळी बसवायचीच आहे, पण हे उत्तर त्याहून मोठं. माझ्याकडेही ते नव्हतं, मार्चमध्ये वहिनीनं विचारलं तेव्हा.

२६ एप्रिल, शुक्रवार

मामांकडे जेवायला. बोलावणं मामीचं. विषयही मामीनंच काढला. वाढता वाढता, वर न बघता.

"चाळीस वरीस झाले. भाजी झाली का म्हणून ओसरीवरून विचारता. कधी येऊन झाकण उघडलं का?"

मामा: "मी कायले उघडू?"

"नाई झाली म्हटलं तर चूप बसता ना? मग त्या पोरीच्या वाफ्यात कायले हात घालता?"

"ते घर हाये."

"अन् ते तिचं शेत हाये."

मामांनी भाकरीचा तुकडा मोडला, तो तसाच हातात राहिला. मी ताटात बघत होते. हे मला फळ्यावर कधी जमलं नाही. पोरांना गाडी आणि इंजिनाची उदाहरणं देते मी, ज्यातल्या अर्ध्यांनी बॉनेट उघडलेलं नाही.

निघताना मामा दारापर्यंत आले. "मीटिंगमध्ये पाहू." बाई म्हणाले नाहीत.

२८ एप्रिल, रविवार

मीटिंग. चाळीसेक माणसं, वडाखाली. इंदूरच्या पार्टीची बाजू मामांनीच मांडली, प्रामाणिकपणे मांडली. एका स्क्रीनवर सगळं, भांडण झालं तर सचिव एका मिनिटात मिटवेल. माना हलल्या. माणसांना एक हात हवा असतो वर, मला कळतं ते.

मी उभी राहिले. तयार करून नेलेलं सगळं विसरले. म्हटलं, बुधवार ते शुक्रवार चार वेळा आपण सगळ्यांनी मिळून सुमनवहिनीचं पाणी झालं म्हणून सांगितलं. आपल्यात खोटारडा कोणी नाही. तरी साडेतीनशे रोपं गेली. उद्या इंदूरच्या स्क्रीनवर मामा एकटे सांगतील. मामाही खोटारडे नाहीत.

मागून कोणीतरी: "मग सुमनबाई काय म्हणते?"

ती आलीच नव्हती. हातानं व्हॉल्व्ह फिरवत होती, तिच्या रोपांची वेळ झाली होती.

मामांनी निर्णय दिला. आखाजीपर्यंत मुदत. सुमननं आपल्या हातानं पेटी परत जोडली तर मीनूचा प्रोग्राम. नाही जोडली तर इंदूर. म्हणजे सगळं तिच्यावर. न्याय आहे त्यात, मान्य करायला हवं.

१ मे, बुधवार

वहिनीच्या बांधावर. ती तण काढत होती, मी बोलत होते. थांबली नाही, ऐकत होती.

"आबा वरून खोलू शकतीन?" गाव मामांना आबा म्हणतं.

"नाही. विचारू शकतील."

"शेजारी फुली मारू शकतीन?"

"फुलीच नाही आता."

"चेतन?"

"नाही."

खुरपं थांबलं. "अन् तू?"

मी उघडू शकत होते. माझ्यासाठी एक मागचं दार ठेवलं होतं. कुठे अडकलं तर बुरहानपुरातून बसल्या बसल्या कोणत्याही प्लॉटच्या आत शिरून दुरुस्त करता यावं म्हणून. सोयीचं. कोणाला सांगितलं नव्हतं, लपवलंही नव्हतं, आठवलंच नव्हतं. सगळ्यांना बाहेर काढून किल्ली माझ्या पदराला.

"मी उघडू शकते," म्हटलं.

"मग आबात अन् तुझ्यात काय फरक?"

काही नाही. फरक काही नाही, वहिनी.

२ मे, गुरुवार

काढलं माझं दार. चौदा ओळी खोडायला दोन मिनिटं लागली, ठरवायला सकाळ गेली. आता काही बिघडलं तर उठून पंचवीस मिनिटं स्कूटी चालवत बांधावर जायचं, वहिनीनं हो म्हटलं तरच पेटी उघडायची. जाईन.

चेतन म्हणाला, "मॅडम, ये तो पागलपन हाये. अडकलं तर?"

"अडकलं तर अडकलं. विचारून सोडवू."

५ मे, रविवार

नदी आणखी उतरली. मधल्या आणि नाल्याकडच्या लाइनचे पंप वाळूवर, काल बंद केले. तीन लाइनी आता खरोखर एका डोहावर. ४४ अंश. मधल्या लाइनवर दोघांचं भांडण, दाब कमी म्हणून. वहिनीनं अचानक व्हॉल्व्ह फिरवला होता, तिचीही चूक नाही. मामा चालत गेले, मिटवून आले. चेहरा उतरलेला दिसला. एकसष्ट वर्षांचे आहेत.

वहिनीचा फोन नाही. मी करणार नाही. मागितलं तर दारातून.

७ मे, मंगळवार

आली. सकाळी नऊला, डोक्यावर पदर, थेट पंपघरात. मामा होते. पदर पुढे ओढला, पण बोलली माझ्याशी नाही, त्यांच्याशीच.

"आबा, मी जोडते. पण मी पाणी नको म्हटलं तर तुम्ही नाराज नका होऊ."

मामा म्हणाले, "जोड." नाराजीचं काही बोलले नाहीत.

माझ्याकडून पेटी घेतली, स्वतः नेली, स्वतः वायर लावली. चेतननं नुसतं बघितलं. सकाळ वीस मिनिटं, दुपार वीस मिनिटं, कोपऱ्यातल्या बागेला वेगळं. परत पंपघरात येऊन फोनवर स्वतः भरलं तिनं, एका बोटानं, सावकाश. अकराला प्लॉट ४६ पहिल्यांदा आपणहून बोलला: मिळालं.

मला उड्या माराव्याशा वाटल्या. त्रेचाळीस वर्षांच्या बाईनं पंपघरात उड्या मारू नयेत म्हणून बाहेर जाऊन मारली. एक.

९ मे, गुरुवार

तीन दिवस व्यवस्थित. मामा विचारणा पाठवतात, सगळे "हो" म्हणतात, कारण मामा वेळेवरच पाठवतात. आतापर्यंत नकार आलेला नाही. मनात एकच: पहिला कधी येईल?

वहिनी उद्या आखाजीला माहेरी, असीरगढला. जाऊ का म्हणून मला विचारलं नाही. जाते म्हणाली. उद्या मी पंपघरात बसणार.

१० मे, आखाजी

पंपघरात बसून लिहितेय, दुपारचा दीड. गावात आंब्याला झोके बांधलेत, गाणी इथपर्यंत ऐकू येतात. वहिनी सकाळी सहाचं पाणी बघून एसटी... नाही, भावाच्या मोटारसायकलवर गेली.

ऊन आजच्याइतकं या वर्षी पडलेलं नाही. वारा भट्टीसारखा. एकच्या सुमाराला मामा आले, पाणी प्यायले, फोन काढला. टोकाच्या रोपांची काळजी वाटली त्यांना. मलाही वाटत होती. विचारणा पाठवली. पंपाकडून लाइनला, लाइनकडून ४६ ला.

उत्तर आलं. "सकाळचं मिळालं. पुढचं तीनला. आत्ता नको."

मामांनी वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच आलं.

"मीनू, हे उन्ह त्या पेटीले दिसून राहिलं का?"

"नाही, मामा. पेटीला वहिनीनं सांगितलेलं दिसतं."

"अन् ती इथं नाई."

"फोन करा तिला."

नाही म्हणाले, आखाजी आहे, पोरीला माहेरी बसू दे. गमछा डोक्याला बांधला आणि निघाले. कुठे म्हणून विचारलं नाही मी. नाल्यापलीकडची वाट एकच. व्हॉल्व्हला हाताचं चाक अजून आहे, ते मी काढलेलं नाही, काढणारही नाही. आणि मामांचं चुकतंय असंही छातीठोकपणे सांगता येत नाही मला. हे ऊन वहिनीनं तरी कुठे धरलं होतं? मला माहीत नाही.

माझ्याकडे उघडायला आता काहीच नाही. बघायला तेवढं आहे.

दोन वाजून पाच. मामांचा पिवळा गमछा इथून दिसतो, ४६ च्या व्हॉल्व्हपाशी. खाली बसलेत. बोट मातीत घातलंय की हात चाकावर आहे, ते एवढ्या लांबून कळत नाही.

दोन वीस. तसेच बसलेत. फोनवर ४६ चा मीटर शून्यावर आहे.